इंजिनवर चालणाऱ्या वेल्डिंग संचाची निगा आणि शेतावर घ्यावयाची काळजी

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरील आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील गाव. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि या भागात उसाचे क्षेत्र वाढत गेले. ऊस आला तशा ट्रॉल्या, टायरच्या बैलगाड्या आणि नदी-कालव्यावरून पाणी उचलणाऱ्या लोखंडी पाइपलाइनी आल्या. द्राक्षाचे मांडव आणि जनावरांच्या गोठ्यांचे सांगाडेही लोखंडी अँगलचे झाले. लोखंड आले की वेल्डिंग आलेच.

गावातील दुकानात विजेवर वेल्डिंग होते. परंतु फुटलेली पाइपलाइन उचलून दुकानात नेता येत नाही आणि ऊस भरलेल्या ट्रॉलीचा हुक बांधावर तुटला तर ती जागची हलत नाही. शेतात तीन फेज वीज असेलच असे नाही, असली तरी ठराविक तासच असते. अशा वेळी दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला इंजिनचा वेल्डिंग संच उपयोगी पडतो. आज हलके इन्व्हर्टर संच सर्वत्र मिळतात, पण त्यांनाही वीज लागतेच. त्यामुळे इंजिनच्या संचाची गरज संपलेली नाही.

हा संच दिवसभर धुळीत, उन्हात व कच्च्या रस्त्याने फिरतो. दुकानातील यंत्राला जेवढी निगा लागते त्याहून याला अधिक लागते, मात्र मिळते कमी. शिवाय त्याचे काम पाचट, कडबा, ओली माती आणि विहीर यांच्या सान्निध्यात चालते. म्हणून हा लेख संचाच्या मालकासाठी आहे, तसाच त्याला आपल्या शेतावर बोलावणाऱ्या शेतकऱ्यासाठीही आहे. वेल्डरला लोखंडाची माहिती असते, परंतु विहिरीची, वाऱ्याची आणि गंजीची माहिती तुम्हाला असते. दोघांनी मिळून काम सुरू करण्यापूर्वी पंधरा मिनिटे दिली, तर बहुतेक बिघाड व अपघात टळतात.

संचाची रचना

संचाचे दोन मुख्य भाग असतात. पहिला भाग डिझेल इंजिन. दुसरा भाग त्यावर फिरणारे वेल्डिंगचे जनित्र. दोन्ही भाग कपलिंगने किंवा व्ही-बेल्टने जोडलेले असतात. जुन्या पद्धतीच्या डी. सी. जनित्रात आर्मेचर, कम्युटेटर आणि कार्बन ब्रश असतात. नव्या संचांत अल्टरनेटर व रेक्टिफायर असतो. आपला संच कोणत्या प्रकारचा आहे हे मालकाला माहीत असावे, कारण दोन्हींची निगा वेगळी आहे.

बहुतेक संच मिनिटाला १५०० फेऱ्यांवर चालण्यासाठी बनवलेले असतात. ही गती गव्हर्नर सांभाळतो. जाड रॉडला करंट कमी पडतो म्हणून गव्हर्नरचा स्क्रू फिरवून गती वाढवण्याची सवय घातक आहे. त्यामुळे इंजिन व जनित्र दोन्ही लवकर झिजतात, प्रसंगी आर्मेचरची गुंडाळी सैल होते. करंट नेहमी जनित्रावरील नियंत्रकानेच कमी-जास्त करावा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी

१) संच सपाट जमिनीवर उभा करावा व चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ओंडके लावावेत. संच एका बाजूला कललेला असेल तर इंजिनमधील ऑइल एकीकडे जाते, पट्टीवर पातळी चुकीची दिसते आणि काही भाग कोरडे राहतात.

२) ऑइल मोजण्याची पट्टी पुसून पुन्हा घालावी व पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावी. वरच्या खुणेपेक्षा जास्त ऑइल भरू नये.

३) पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याची पातळी पाहावी. रेडिएटर गरम असताना त्याचे झाकण कधीही उघडू नये. उकळते पाणी उसळून तोंड भाजते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरवरील पंखांत धूळ व पाचटाचा भुगा साचतो, तो ब्रशने काढावा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूर जिल्ह्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. त्या दिवसांत हे काम रोज करावे.

४) डिझेल स्वच्छ भांड्यातून, बारीक जाळीतून गाळून भरावे. टाकी रात्री रिकामी ठेवू नये. रिकाम्या जागेतील हवेतील ओलावा थंडीने टाकीच्या पत्र्यावर जमतो व पाणी तळाशी उतरते. म्हणून काम संपल्यावर इंजिन थंड झाले की टाकी भरून ठेवावी. सकाळी फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून साठलेले पाणी सोडावे.

५) बेल्टवरील व पंख्यावरील जाळी जागेवर आहे याची खात्री करावी. धोतराचा सोगा, उपरणे, मफलर, साडीचा पदर यांपैकी काहीही फिरत्या बेल्टमध्ये अडकले तर माणूस ओढला जातो. जाळी काढून ठेवलेला संच शेतात येऊ देऊ नये.

६) रॉड होल्डरमध्ये व होल्डर लोखंडावर टेकलेला असताना इंजिन सुरू करू नये. होल्डर कोरड्या लाकडावर किंवा खुंटीला वेगळा टांगावा.

हँडल मारून सुरू होणाऱ्या इंजिनाबाबत एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. हँडल धरताना अंगठा चारही बोटांच्या बाजूलाच ठेवावा, हँडलभोवती गुंडाळू नये. इंजिन उलटे फिरले तर हँडल झटक्याने मागे येते. अंगठा गुंडाळलेला असेल तर तो किंवा मनगट मोडते. आधी डीकंप्रेशन लिव्हर उचलावा, गती आली की सोडावा आणि हँडल लगेच काढून घ्यावे. सैल कपडे घालून किंवा निसरड्या जागी उभे राहून हँडल मारू नये.

सुरू झाल्यावर इंजिन तीन-चार मिनिटे बिनभाराचे चालू द्यावे व नंतर वेल्डिंग सुरू करावे. काम संपल्यावरही तेवढाच वेळ बिनभाराचे चालवून मग बंद करावे, म्हणजे आतील उष्णता समान उतरते. मात्र दोन जोडांच्या मध्ये अर्धा-अर्धा तास इंजिन रिकामे चालू ठेवू नये. त्याने डिझेल जळते आणि नोझल व सायलेन्सरमध्ये काजळी धरते.

तासांप्रमाणे निगा

संचावर तास मोजण्याचे मीटर असल्यास उत्तम. नसल्यास एक वही संचाच्या पेटीत ठेवावी. इंजिन किती वाजता सुरू केले, किती वाजता बंद केले आणि काय दुरुस्त केले एवढेच तीत लिहावे. उत्पादकाच्या पुस्तिकेतील सूचना प्रथम पाळाव्यात. पुस्तिका हरवली असेल तर पुढील वेळापत्रक साधारणपणे चालते.

दररोज : ऑइल, पाणी, डिझेल, गळती, बेल्ट, केबल व होल्डर तपासणे.

दर ५० तासांनी : एअर फिल्टर साफ करणे. ऊसतोडीच्या हंगामात किंवा खडीच्या रस्त्यावर काम असेल तर तो रोज पाहावा. ऑइलचे भांडे असलेल्या फिल्टरमधील गाळ काढून नवीन ऑइल खुणेपर्यंत भरावे. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. हलकेच झटकावा, खराब झाल्यास बदलावा. बेल्टचा ताण, सर्व नट-बोल्ट व बॅटरीतील पाणी याच वेळी पाहावे. नव्या किंवा उघडून दुरुस्त केलेल्या इंजिनाचे पहिले ऑइल साधारण ५० तासांनी बदलावे.

दर २५० तासांनी : इंजिनचे ऑइल व ऑइल फिल्टर बदलणे. ऑइल इंजिन गरम असताना सोडावे, म्हणजे गाळही निघून जातो. डिझेल फिल्टरही या वेळी पाहून बदलावा. जळके ऑइल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये, पिंपात साठवून भंगारवाल्याकडे द्यावे.

दर ५०० तासांनी : व्हॉल्व्हमधील अंतर व नोझल माहीतगार मिस्त्रीकडून तपासून घेणे. जनित्राच्या बेअरिंगला पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस तेवढ्याच प्रमाणात द्यावे. जादा ग्रीस गुंडाळीवर उडून धूळ धरते.

संच बराच काळ वापरात नसेल तर दर पंधरवड्याला अर्धा तास चालवून त्यावर थोडे वेल्डिंग करावे. त्यामुळे जनित्रातील ओलावा सुकतो व बॅटरी जिवंत राहते.

जनित्राची निगा

जनित्राचा मोठा शत्रू धूळ. त्यातही ग्राइंडरमधून उडणारा लोखंडाचा भुगा वाईट, कारण त्यातून वीज वाहते. ग्राइंडिंग संचापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूस करावे. महिन्यातून एकदा इंजिन बंद ठेवून, भात्याने किंवा कमी दाबाच्या कोरड्या हवेने जनित्र झाडून घ्यावे. पाण्याने कधीही धुऊ नये.

डी. सी. जनित्रात कार्बन ब्रश कम्युटेटरवर पूर्ण टेकलेले असावेत व आपल्या खाचेत सहज सरकावेत. ते फार झिजले, त्यांचा कोपरा तुटला किंवा स्प्रिंग सैल झाली की ठिणग्या वाढतात. ब्रश बदलताना सर्व एकाच जातीचे घ्यावेत. चांगल्या कम्युटेटरचा रंग एकसारखा तपकिरी, चकचकीत असतो. तो काळा पडला तर बारीक काच-कागदाने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये. एमरीचे कण तांब्यात रुततात, पट्ट्यांमधील फटीत बसतात आणि दोष वाढवतात.

पावसात भिजलेला संच तसाच सुरू करू नये. आधी सुकवावा व इलेक्ट्रिशियनकडून मेगरने इन्सुलेशन तपासून घ्यावे.

प्रत्येक संचाला कामाची मर्यादा असते. पाटीवर ६० टक्के ड्यूटी सायकल लिहिली असेल तर त्या करंटवर दर दहा मिनिटांत सहा मिनिटे वेल्डिंग व चार मिनिटे विश्रांती असा त्याचा अर्थ आहे. उन्हाळ्यात विश्रांती वाढवावी.

केबल, होल्डर आणि रॉड

संच चांगला असूनही जोड कच्चा राहतो, तेव्हा दोष बहुधा केबलमध्ये असतो. सोललेली, गाठी मारलेली किंवा पिळून जोडलेली केबल वापरू नये. जोड हवा असेल तर योग्य कनेक्टर लावावा. लोखंडाकडून परत येणाऱ्या अर्थ केबलऐवजी सळई, साखळी किंवा पाइपलाइन वापरणे हा खोटा काटकसरीचा प्रकार आहे. सैल सांधा गरम होतो, करंट पडतो आणि डिझेल वाया जाते. दहा अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण दोन लिटर डिझेल घेते. त्यातील काही भाग सैल सांधा तापवण्यात घालवणे परवडणारे नाही.

अर्थचा क्लॅम्प गंज व रंग खरवडून, जोडाच्या शक्य तितक्या जवळ लावावा. सर्वसाधारण कामाच्या २.५ मि.मी. रॉडला साधारण ६० ते ९०, ३.१५ मि.मी. रॉडला ९० ते १३० आणि ४ मि.मी. रॉडला १३० ते १८० अँपिअर करंट लागतो. नेमका आकडा रॉडच्या पाकिटावर छापलेला असतो. ओलावा धरलेल्या रॉडने जोडात छिद्रे राहतात. पाण्याच्या दाबाच्या पाइपला ती लगेच गळतात. रॉड बंद डब्यात, कोरडे ठेवावेत.

विजेचा धक्का

वेल्डिंग सुरू नसताना होल्डर व अर्थ यांच्यात साधारण ६० ते १०० व्होल्ट दाब असतो. घरातील विजेपेक्षा हा कमी आहे म्हणून लोक निर्धास्त राहतात. घामाने भिजलेले अंग, ओला वाफा आणि अनवाणी पाय एकत्र आले की हाच दाब जीव घेऊ शकतो. फुटलेल्या पाइपलाइनभोवती तर चिखल असतोच. पाणी आधी बंद करावे, खड्डा उपसावा आणि कोरड्या फळीवर उभे राहून काम करावे. कोरडे कातडी हातमोजे व रबरी तळाचे बूट वापरावेत. रॉड बदलताना उघड्या हाताने बदलू नये. केबल खांद्यावर किंवा कमरेभोवती गुंडाळू नये.

काही संचांवर ग्राइंडरसाठी २३० व्होल्टचा सॉकेट असतो. त्यावर गळती-संरक्षक स्विच असावा. त्या सॉकेटमधून घराच्या किंवा पंपाच्या वायरिंगला वीज कधीही जोडू नये. ती वीज उलट लाइनवर जाते व खांबावर काम करणारा वायरमन दगावू शकतो.

आग

वेल्डिंगच्या ठिणग्या दूरवर उडतात आणि जमिनीवर घरंगळतात. कामाच्या जागेपासून किमान ३५ फूट अंतरापर्यंत पाचट, कडब्याची गंजी, गवत, पोती, ठिबकच्या नळ्या व डिझेलचे डबे असू नयेत. वाळलेल्या उसाच्या फडाला लागून काम करणे टाळावे. टाळता येत नसेल तर जमीन झाडून पाणी शिंपडावे व आडोशाला पत्रा लावावा. दोन बादल्या पाणी, वाळू आणि शक्य असल्यास अग्निशामक सिलिंडर जवळ ठेवावा. वारा सुटला असेल तर काम पुढे ढकलावे.

काम संपले की लगेच घरी जाऊ नये. पाचटात अडकलेली ठिणगी धुमसत राहते व माणसे गेल्यावर पेटते. किमान अर्धा तास, फडाजवळ तासभर, एक माणूस राखणीला ठेवावा. ही राखण वेल्डरपेक्षा शेतमालकानेच करणे योग्य.

इंजिन चालू असताना किंवा गरम असताना डिझेल भरू नये. रिकाम्या डिझेल, पेट्रोल, ऑइल किंवा कीटकनाशकाच्या पिंपावर वेल्डिंग करू नये. रिकामे दिसणारे पिंप वाफेने भरलेले असते आणि भरलेल्या पिंपापेक्षा अधिक जोराने फुटू शकते. पाण्याने एकदा विसळणे पुरेसे नाही. पिंपाची किंमत जिवापुढे काहीच नाही, असे काम सरळ नाकारावे.

विहिरीतील काम

पंपाचा पाइप किंवा अँगल जोडण्यासाठी विहिरीत उतरून वेल्डिंग करावे लागते. या कामात सर्वाधिक सावधगिरी हवी.

इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखते, चक्कर येते, गळून गेल्यासारखे वाटते आणि माणूस ओरडण्याआधी बेशुद्ध होतो. विहिरीत वारा खेळत नाही, त्यामुळे धूर साचत जातो. म्हणून इंजिन विहिरीत किंवा काठाला लागून कधीही चालवू नये. केबल लांब घ्यावी, इंजिन काठापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूस ठेवावे आणि धुराडे विहिरीकडे नसावे. बंद गोठा, पंपघर व गोदाम यांनाही हाच नियम लागू आहे. दार उघडे ठेवले म्हणून धोका जात नाही.

विहिरीत उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. कंदील विझला तर खाली प्राणवायू कमी आहे हे कळते. परंतु कार्बन मोनॉक्साइड असताना कंदील तेवत राहू शकतो. त्यामुळे कंदील जळतो आहे एवढ्यावर विसंबू नये.

उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधलेला असावा व त्याला वर ओढू शकतील अशी किमान दोन माणसे काठावर सतत हजर असावीत. त्यांनी दर दोन मिनिटांनी हाक मारावी. उत्तर आले नाही तर इंजिन बंद करून दोराने त्याला वर ओढावे. त्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याने तसेच खाली उडी घेऊ नये. एकामागून एक घरातील माणसे उतरतात व सगळीच दगावतात, अशा बातम्या आपण वाचलेल्या आहेत. दोर आधी बांधला तर ही वेळ येत नाही.

डोळे, धूर आणि ट्रॅक्टर

वेल्डिंगचा प्रकाश उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास लगेच काही जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते व पाणी वाहते. डोळे चोळू नयेत, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात व डॉक्टरांना दाखवावे. दूध, तूप, बटाट्याचा रस असे काही डोळ्यांत घालू नये. ३.१५ मि.मी. रॉडपर्यंत १० नंबरची, त्यापुढे ११ किंवा १२ नंबरची काच वापरावी. साधा काळा चष्मा चालत नाही. ट्रॉली धरून उभा राहणारा मदतनीस आणि पाहायला जमलेली मुले यांचाही विचार करावा. मुलांना दूर ठेवावे.

गॅल्व्हनाइज्ड पाइप जोडताना निघणारा पांढरा धूर जस्ताचा असतो. तो नाका-तोंडात गेल्यास काही तासांनी थंडी-ताप येतो. जोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार इंच मुलामा घासून काढावा व वाऱ्याकडे पाठ न करता, धूर बाजूला जाईल असे बसावे.

ट्रॅक्टरवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही वायरी व अल्टरनेटरची जोडणी सोडवावी. नव्या ट्रॅक्टरमधील व ऊसतोडणी यंत्रातील इलेक्ट्रॉनिक भाग यामुळे वाचतात. अर्थचा क्लॅम्प अशा जागी लावावा की करंट बेअरिंगमधून किंवा हायड्रॉलिक सिलिंडरमधून जाणार नाही. चाकाची रिम टायर चढवलेला असताना वेल्ड करू नये, टायर फुटतो.

संच महामार्गावरून नेताना मागे लाल परावर्तक पट्टी लावावी, टायरची हवा व जोडाची पिन पाहावी आणि संचावर माणूस बसवू नये.

अपघात झाल्यास

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला उघड्या हाताने धरू नये. आधी इंजिन बंद करावे किंवा कोरड्या लाकडाने केबल दूर करावी. धुराने गुदमरलेल्यास मोकळ्या हवेत आणावे. श्वास थांबला असेल तर शिकलेल्या माणसाने कृत्रिम श्वास द्यावा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे स्वच्छ थंड पाणी सोडावे, शाई, टूथपेस्ट लावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेताचा रस्ता नीट सांगता यावा म्हणून एक माणूस डांबरी रस्त्यावर उभा करावा.

शेतकरी बंधूंनो, पुढील वेळी वेल्डिंगचा संच तुमच्या बांधावर येईल तेव्हा घाई असेलच. पाणी वाया जात असेल किंवा कारखान्याची पाळी आलेली असेल. तरीही इंजिनला हँडल मारण्यापूर्वी वेल्डरबरोबर एक फेरी मारा. जाळी, केबल, पाचट, पाणी, दोर आणि वारा एवढे पाहा. ही पंधरा मिनिटे कोणाच्या मजुरीत धरली जात नाहीत, पण संचाचे आयुष्य आणि माणसाचा जीव त्यांवरच अवलंबून असतो.